दोन बोटांची टिचकी

माझी बोटं जाड आहेत, हे मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी डीजे प्रितमने सांगितलं. तोवर याच बोटांनी मी व्यवस्थित जेवत होतो, सह्या करत होतो, शर्टाची बटणं लावत होतो. काल्हेरला एका गोडाऊनमध्ये मी डिस्पॅच सुपरवायझर आहे. मोठा कंटेनर उलटा घ्यायचा असला की ड्रायव्हर हॉर्न मारून मलाच बोलावतात. मी मागे उभा राहून दोन बोटं हलवतो, ‘आने दो, आने दो,’ आणि कंटेनर बरोब्बर जागेवर येऊन टेकतो. ‘साहब, आपकी उंगली मोटी है, दिखा नहीं’ अशी तक्रार आजवर एकाही ड्रायव्हरने केलेली नाही. प्रितमने केली. आणि तीही माझ्या होणाऱ्या व्याह्यांसमोर!

विषय हळदीच्या गाण्याचा होता. आमच्या भाग्यश्रीचं लग्न ठरलं होतं. आम्हा आगरी लोकांत लग्न एक वेळ साधं झालेलं चालेल, पण हळद दणक्यात हवी. हळदीला डीजे नसला तर लोक ‘घरात कुणाचं काही झालंय का?’ म्हणून चौकशी करतात. तर कोन या आमच्या गावी घरासमोर स्पीकरची भिंत उभी राहणार, हे ठरलेलंच होतं. आणि त्या भिंतीसमोर बसणार आमची ठकुबाई आत्या. आत्या धवलारीन आहे. लग्नाचे विधी चालू असताना जुनी गाणी म्हणतात ना, त्यांना आमच्यात धवले म्हणतात, आणि ते म्हणणारी ती धवलारीन. आत्याच्या धवल्याशिवाय आमच्या कुटुंबात कुणाला हळद लागलेली नाही. फक्त हल्ली होतं असं, की आत्या तोंड उघडते आणि त्याच क्षणी डीजे बटण दाबतो. मग आत्याचे ओठ हलताना दिसतात, एवढंच. माइक पुढे केला तर ती तो ढकलून देते. म्हणते, “तोंडाजवल कशाला आनतंस? खायचा हाय काय तो?”

“पप्पा,” भाग्यश्री एके दिवशी म्हणाली, “दागिने नकोत असं मी म्हणत नाही हां, दागिने करा. पण माझ्या हळदीत मला आजीचा आवाज ऐकू आला पाहिजे. मला आणि सगळ्यांना. देवेशदादाच्या हळदीत तिने अख्खा धवला म्हटला आणि ती कधी थांबली तेसुद्धा कुणाला कळलं नाही. ती एकटीच बसली होती, पप्पा.”

एवढं बोलून ती उठून स्वयंपाकघरात गेली. मी तिथल्या तिथे ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, आत्याचा आवाज वाजणार.

प्रितमला विचारलं तर तो म्हणाला, “सोपं आहे काका. आजींचा आवाज मोबाईलवर घ्या, ॲपमध्ये बीटवर बसवा, मला पाठवा. मी स्पीकरवर सोडतो.” मग त्याची नजर माझ्या हातांकडे गेली. “पण तुम्हाला नाय जमणार. एडिटिंग सगळं टचवर असतं. तुमची बोटं बघा ना.” गणेशपुरीचे व्याही समोरच सोफ्यावर होते. ते हसले. सभ्य माणूस आहे, बिस्किटाच्या आडून हसले, पण हसले.

“मीच करणार,” मी म्हणालो. माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं याच दोन शब्दांनी सुरू झालेली आहेत.

ॲप उतरवून घेतलं. त्यात आवाज म्हणजे एक लांबलचक निळी पट्टी असते. आता नियम ऐका. पट्टीवर बोट ठेवून ओढलं की पट्टी सरकते. बोट जरा दाबून धरलं की निवडली जाते. लागोपाठ दोन टिचक्या मारल्या की तिचे दोन तुकडे होतात. दोन बोटं पसरली की पट्टी मोठी दिसते, जवळ आणली की लहान. आणि दोन बोटांची एकच टिचकी मारली की शेवटचं केलेलं काम रद्द होऊन सगळं पहिल्यासारखं होतं. वाचायला किती सोपं आहे! पण ‘जरा’ दाबून म्हणजे किती? मी जरा दाबलं की त्याला वाटायचं मी ओढतोय, आणि ओढायला गेलो की वाटायचं दाबतोय. शिवाय ज्या जागी बोट ठेवायचं, ती जागा बोट ठेवल्याबरोबर बोटाखाली जाते! सुईत दोरा ओवताना सुईवर पोळी झाकायची, असला प्रकार. हे ज्याने बनवलं त्याला बोटंच नसावीत असा माझा संशय आहे.

असो. आधी रेकॉर्डिंग.

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये एक बाई आहे, म्हणजे तिचा आवाज. दार उघडं राहिलं की ती ‘कृपया दरवाज़ा बंद करें’ असं म्हणत सुटते, आणि लिफ्ट आमच्या दाराला लागून आहे. म्हणून मी सोसायटीचे सेक्रेटरी शैलेश यांच्याकडे गेलो, की रविवारी तासभर लिफ्ट बंद ठेवा.

“कारण?” शैलेश म्हणाले.

“आत्याचं गाणं रेकॉर्ड करायचंय.”

“म्हणजे स्टुडिओ. रहिवासी फ्लॅटमध्ये स्टुडिओ चालत नाही, रामनाथराव. बायलॉज बघा.”

“अहो स्टुडिओ कसला, मोबाईल आहे!”

“आज मोबाईल, उद्या तबला येईल. तुम्ही अर्ज द्या, कमिटीपुढे ठेवतो.”

अर्ज दिला. कमिटीत चर्चा झाली. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी विचारलं, यांच्यासाठी लिफ्ट बंद तर आमच्या पारायणाला का नाही? शेवटी रविवारी सकाळी अकरा ते बारा लिफ्ट बंद, अशी नोटीस खाली लागली. मला विजय मिळाला होता. फक्त एकच गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, की आत्या रविवारी कोनहून रिक्षाने बरोब्बर सव्वाअकराला येणार होती आणि आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो.

आत्या वर आली तेव्हा पहिली पाच मिनिटं ती दारातच बसून धापा टाकत होती. नंतर बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. वॉचमनला तर तिने जिन्यातूनच असं काही सुनावलं होतं, की त्या बिचाऱ्याने भिऊन लिफ्ट लगेच चालू केली. हे मला नंतर कळलं.

मी फोन टेबलावर ठेवला. “हां आत्या, म्हण.”

“काय म्हनू?”

“धवला. हळदीचा.”

“आज लगीन हाय?”

“आज नाही गं. हे नुसतं रेकॉर्डिंग.”

“लगीन नसताना धवला म्हनत न्हायत.” आत्याने पदर सावरला आणि पाय लांब करून बसली. “पाट मांड. हलद कालव. कोनाला तरी बसव. मंग म्हनतंय.”

“भाग्यश्रीला बसवू?”

“याडा झालास काय रं? पोरीला दोनदा हलद लावतान?”

मी मनिषाकडे बघितलं. मनिषा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, “माझ्याकडे बघू नका. साडीचे डाग कोण काढणार? हौस तुमची, तुम्हीच बसा.”

अशा रीतीने, भर रविवारी, बनियन आणि हाफ पँटवर, मी माझ्याच घरात पाटावर बसलो. मनिषाने अगदी मनापासून हळद लावली. गालाला, दंडाला, पायाला. तळहात तर तिने रंगवूनच काढले. भाग्यश्री दारात उभी राहून तोंडात ओढणी कोंबत होती. आत्याने डोळे मिटले आणि सूर लावला. खोटं सांगत नाही, आवाज लागला आणि माझ्या अंगावर काटा आला. ऐंशीच्या घरातली बाई, पण काय तो गळा! मग तिने पहिली ओळ म्हटली.

“पाटाव बसली गो, रामनाथ नवरी...”

मी डोळे उघडले. “आत्या, भाग्यश्री म्हण ना.”

“ती कुठं बसलीय? ज्याला हलद, त्याचा नाव. देव आयकतं वरून. त्याला काय फसवू?” आणि पुढे सुरू, “कवली कवली गो, रामनाथ नवरी... नाजूक बोटांची गो, रामनाथ नवरी...”

इथे मनिषा आत निघून गेली आणि आतून हसण्याचा आवाज आला. त्यातच बाहेरून लिफ्टची बाई म्हणाली, ‘कृपया दरवाज़ा बंद करें.’ आत्या थांबली नाही. एकदा सुरू केलेला धवला ती पुरा करते आणि एकदा म्हटलेला पुन्हा म्हणत नाही. “हलद काय परत परत लागते?” हे तिचं उत्तर तयार असतं.

गाणं संपलं. मी रेकॉर्डिंग बंद करायला गेलो तर हळदीच्या ओल्या बोटांना फोन दादच देईना. मी दाबतोय, घासतोय, “अरे थांब ना, च्यायला!” म्हणून ओरडतोय, आणि ते सगळं रेकॉर्ड होतंय. त्यातच आत्या आत बघून म्हणाली, “भाग्यश्री! पानी आन गं!”

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ‘भाग्यश्री’ मिळालं! आता करायचं इतकंच, की जिथे जिथे ‘रामनाथ’ आहे तिथून तो कापून काढायचा आणि ‘पानी आन गं’ सोडून उरलेली ‘भाग्यश्री’ त्या जागी चिकटवायची. लग्नाला अजून अवकाश होता. मला वाटलं, हे काम चहा होईपर्यंत होईल.

पहिल्या संध्याकाळी मी ‘रामनाथ’ कापायला गेलो आणि ‘नवरी’ कापली. ती परत आणली तर आत्याचा अर्धा सूर लिफ्टच्या बाईच्या पुढे गेला. बघायला म्हणून दोन बोटं पसरली तर पट्टी इतकी मोठी झाली की पडद्यावर नुसता निळा रंग. आपण गाण्यात कुठे आहोत तेच कळेना! तिथून बाहेर यायला बोट कडेकडेने ओढलं तर ॲपच बंद झालं आणि बहिणीला व्हिडिओ कॉल लागला. तिने माझ्या चेहऱ्यावरची न गेलेली हळद बघून विचारलं, “दादा, तुझं काय चाललंय?”

या बातम्या बिल्डिंगमध्ये लपत नाहीत. दुसऱ्या मजल्यावरचा किशन, त्याचं मोबाईलच्या सामानाचं दुकान आहे, तो स्वतःहून आला. “काका, स्क्रीनगार्ड काढा. टच मऊ होतो.” काढला. टच इतका मऊ झाला की मी नुसतं वाकून बघितलं तरी पट्टी सरकायला लागली. मग त्याने रबरी टोकाचं एक पेन दिलं. पेन झकास! पण झूम करायला दोन टोकं लागतात, म्हणून दुसरं पेन आणलं. दोन हातांत दोन पेनं धरून मी फोनवर वाकलेलो बघून भाग्यश्री म्हणाली, “पप्पा, चायनीज खाताय का?” मी पेनं परत केली.

समोरच्या फ्लॅटमधल्या क्षितिजा मॅडम मुलींना भरतनाट्यम शिकवतात. त्यांनी माझा हात हातात घेऊन गंभीरपणे तपासला. “काका, तुमच्या बोटांना वेगळं हलायची सवयच नाही. करंगळी मोकळी करा. दिवसभर फक्त करंगळी वापरा.” मी शिस्तीचा माणूस. दुसऱ्या दिवशी गोडाऊनवर कंटेनर आला तेव्हा मी मागे उभा राहून करंगळी वर केली. ड्रायव्हर गाडी बंद करून खाली उतरला, माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “साहब, वो गेट के बाजू में है.” अख्खं गोडाऊन हसलं. ज्या गोडाऊनमध्ये माझ्या बोटांचा एवढा मान होता, तिथे!

प्रितमचा रोज मेसेज यायचा, ‘काका, झालं?’ आणि पुढे हसणारं तोंड. पाठोपाठ व्याह्यांचाही आला, ‘गाण्याची उत्सुकता आहे.’ मी जेवण सोडून बसू लागलो. करंगळी खरंच मोकळी होत होती. एकेक ‘रामनाथ’ मी टिपून टिपून काढला, त्या जागी ‘भाग्यश्री’ बसवली. लिफ्टची बाई काढली. माझं ‘च्यायला’ काढलं. आणि हळदीच्या दिवशी सकाळी, मंडपाला जायची रिक्षा खाली उभी असताना, शेवटची ‘भाग्यश्री’ जागेवर बसली.

मी ऐकलं. ‘पाटाव बसली गो, भाग्यश्री नवरी.’ जरा पाणी मागितल्यासारखी होती, पण होती! खाली प्रितमने दिलेला ढोल. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. मी मनिषाला हाक मारली, फोन हातात धरून ते गाणं गुणगुणत घरभर नाचलो, आणि नाचताना त्या आनंदात दोन बोटांनी फोनच्या काचेवर ठेकासुद्धा धरला. टकटक, टकटक, टकटक. खालून रिक्षावाला हॉर्न मारत होता. मी गाणं प्रितमला पाठवलं आणि फोन खिशात टाकला.

संध्याकाळी कोनला मंडप गच्च भरला. गणेशपुरीहून उष्टी हळद घेऊन पाहुणे आले होते. व्याही पहिल्या रांगेत. भाग्यश्री पाटावर बसली. आत्या नेहमीच्या जागी, स्पीकरच्या भिंतीसमोर. मी प्रितमला खूण केली आणि माइक घेऊन जाहीर केलं, “आता आमच्या घरची खास चीज. संगीत संयोजन, रामनाथ केणे.”

ढोल सुरू झाला. आत्याचा सूर उठला, अख्ख्या गावाच्या छातीवर आदळला. भाग्यश्रीने दोन्ही हात तोंडावर घेतले. आणि मग त्या सगळ्या भिंतीतून, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात आलं,

“पाटाव बसली गो, रामनाथ नवरी!”

दोन बोटांची टिचकी! टक म्हणजे एक काम रद्द, टक म्हणजे आणखी एक. मी नाचत नाचत माझे सगळे कष्ट स्वतःच्या हाताने पुसून टाकले होते!

“कवली कवली गो, रामनाथ नवरी...”

मंडपात आधी खसखस, मग स्फोट. “नाजूक बोटांची गो...” इथे प्रितम टेबलाखाली गेला, तो वर आलाच नाही. “कृपया दरवाज़ा बंद करें,” लिफ्टची बाई गरजली. “अरे थांब ना, च्यायला!” हा मी. पोरांनी त्याच्यावर ठेका धरला. व्याही आता बिस्किटाशिवाय हसत होते. मी भाग्यश्रीकडे बघितलं. ती हसत होती, पण डोळे भरले होते. पोरीने एकच गोष्ट मागितली होती आणि मी तिच्या हळदीचा तमाशा केला. मला वाटलं, इथून उठावं आणि सरळ कल्याणच्या दिशेने चालायला लागावं.

तेवढ्यात आत्या उठली.

“ए! बंद कर तो!” ती प्रितमवर धावून गेली. प्रितम टेबलाखालून घाईघाईने वर आला आणि त्याने बटण दाबलं. एकदम सगळं चिडीचूप. “नवरी हितं बसलीय आन् नाव कोनाचा घेतंस? त्याची हलद झाली कवाच! देव काय म्हनेल?” आणि रागाच्या भरात तिने माझ्या हातातला माइक हिसकावून घेतला. तोच माइक, जो तिने जन्मात हातात धरला नव्हता! तिथेच उभी राहून, डोळे मिटून, तिने सुरू केलं.

“पाटाव बसली गो, भाग्यश्री नवरी...”

त्या आवाजाला ना ढोल होता ना बीट. मंडपातली लहान पोरंसुद्धा बसली. बायका एकेक करून उठल्या आणि मागून सूर धरायला लागल्या. भाग्यश्री रडत होती, मी रडत होतो, हळद घेऊन उभी असलेली मनिषा हळद लावायची विसरून रडत होती. प्रितमने बटणावरचा हात काढून खिशात घातला होता. धवला संपल्यावर आत्याने माइक उलटसुलट करून बघितला आणि मला म्हणाली, “बरा हाय की रं हा. आदी का न्हाय दिलास?”

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. दुपारी पाठवणी. येणारा जाणारा मला ‘काय नवरी, तू कवा निघणार?’ विचारत होता, तेव्हा रडायलाही धड सुचत नव्हतं. भाग्यश्री गाडीत बसली, काच वर गेली. काय करावं न कळून मी काचेवर दोन बोटांनी टिचकी मारली. टकटक. आतून तिने बघितलं, रडता रडता हसली, आणि आतल्या बाजूने काचेवर दोन बोटं टेकवली. गाडी निघाली, वळणावरून दिसेनाशी झाली. मी हात खाली घेतला.

आणि देवाशपथ सांगतो, गाडी मागे आली.

उलटी, हळूहळू, थेट मंडपाच्या दारापर्यंत. नाक्यावर वळताना एक कंटेनर आडवा अडकला होता. त्याच्यामागे टेम्पो, टेम्पोमागे ट्रक. कल्याण-भिवंडी रस्ता दोन्ही बाजूंनी ठप्प! भाग्यश्री शालू सावरत खाली उतरली आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर येऊन बसली. मनिषाने तिच्या पुढ्यात जिलेबीची बशी ठेवली. आत्या तिच्या शेजारी पाय लांब करून बसली आणि दोघी माझ्याकडे बघून काहीतरी कुजबुजून हसायला लागल्या.

“रामनाथराव,” व्याही घड्याळ बघत घाईघाईने माझ्याजवळ आले, “कंटेनर काढणं हे तर तुमचंच काम. जाऊन जरा दोन बोटं हलवा की. पाच मिनिटांत रस्ता मोकळा होईल.”

मी माझे दोन्ही हात वर करून त्यांना नीट दाखवले.

“नाही जमणार हो,” मी म्हणालो. “बोटं बघा माझी. किती जाड आहेत.”

आणि खुर्ची ओढून मी लेकीच्या शेजारी बसलो.